पहिल्यांदा अजिंठा बघतोयस तर

अरे जाडजूड थिअरी आत्ता नको, १० नंबरच्या लेण्यापासून सुरू कर. १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने अजिंठा 'शोधला' असं आपण शाळेपासून ऐकतो, पण आसपासच्या लोकांना लेणी माहीत होतीच, आणि या साहेबाने तिथल्या खांबावरच्या चित्रावरच आपलं नाव कोरून ठेवलंय, ते बघून मला अजून राग येतो.

नवीन लोक हमखास करतात त्या चुका:

- आधी पाटी वाचतात. पाच मिनिटं नुसतं चित्र बघ, मग वाच, आणि 'शोध', 'संग्रह' असे शब्द आले की थांब. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, ती कोणी, कधी नेली हे विचार.
- युरोपच्या मापाने मोजतात, म्हणजे 'पर्स्पेक्टिव्ह (जवळचं मोठं, दूरचं लहान दाखवणं) चुकलंय' वगैरे. चुकलेलं नाहीये, इथे एकाच भिंतीवर गोष्ट पसरते, तोच माणूस परत परत येतो, नजर फिरवत राहायचं.
- साहेबाचं सगळंच वाईट ठरवतात. जॉन ग्रिफिथ्स या ब्रिटिश चित्रकाराच्या हाताखाली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून केलेल्या इथल्या चित्रांच्या नकलाही बघ.

सोमवारी लेणी बंद असतात हं.