कादंबरीबद्दलचे मत आणि त्यामागचे पान

तुम्ही विचारले आहे की, नागपुरातील अकरावी-बारावीचे तुम्ही सात जण महिन्याला एक कादंबरी वाचता, पण कोणाला ऐतिहासिक आवडते, कोणाला विज्ञानाची, कोणाला रहस्याची, आणि चर्चा ‘आवडली’ किंवा ‘बोअर झाली’ यापुढे सरकत नाही. तर काय करावे? लक्ष्मीनगरात माझ्या घराच्या गच्चीवर गेली काही वर्षे तुमच्याच वयाच्या मुलामुलींची अशी बैठक भरते (एप्रिल लागला की ती मुकाट्याने खाली कूलरसमोर येते), म्हणून अनुभवावरून सांगतो.

आमच्याकडे नियम पुष्कळ झाले, टिकला एकच: मत कोणतेही चालेल, पण ते ज्या पानावरून झाले ते पान उघडून वाचून दाखवायचे. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’वर बोलताना एक मुलगा म्हणाला की भाषा फार जड आहे. त्याला पान मागितले, तेव्हा त्याने कर्णाच्या निवेदनातला एक अलंकारिक परिच्छेद वाचला. त्यावर एका मुलीने कर्णाची पत्नी वृषाली हिच्या तोंडचे पान काढले, दुसऱ्याने दुर्योधनाचे, आणि तिन्ही एकापाठोपाठ ऐकल्यावर त्या मुलाची तक्रार आपोआप नेमकी झाली: कादंबरीत सहा जण आपापली बाजू सांगतात, मग सहाही जणांचा बोलण्याचा थाट इतका सारखा का? ही तक्रार मलाही पटते, जरी पंधराव्या वर्षी त्याच थाटाने मी भारावून गेलो होतो.

प्रकारांचे म्हणाल, तर प्रत्येक कादंबरीला एकाच मापाने मोजू नये एवढे पथ्य पुरते. जयंत नारळीकरांच्या विज्ञान कादंबरीत स्वभावचित्रे पुसट वाटली तर तसे जरूर म्हणावे, पण आधी हे पाहावे की लेखकाने सुरुवातीला जी एक कल्पना मान्य करायला लावली, तिच्यापासून पुढचे सगळे सुसंगतपणे निघते की नाही. रहस्यकथेत उकल कळल्यावर मागची पाने पुन्हा चाळावीत. खुणा तिथे नसतील तर लेखकाने आपल्याला फसवले, असे खुशाल म्हणावे.

ग्रामीण कादंबरीच्या वेळी मात्र आमची बैठक नेहमीपेक्षा लांबते, आणि आपण विदर्भातले असल्यामुळे ती लांबावी असेच मला वाटते. उद्धव शेळके यांची ‘धग’ (1960) घेतली होती, तेव्हा अर्ध्या मुलांना त्यातले वऱ्हाडी संवाद डोळ्यांनी वाचताना अडखळायला होत होते. म्हणून कौतिक आणि तिचा नवरा महादेव यांच्यातला एक प्रसंग मोठ्याने वाचायला सांगितला. एरवी गप्प बसणाऱ्या एका मुलाने तो एकही शब्द न अडता, हेल जसाच्या तसा ठेवून वाचला आणि मग जरा संकोचून म्हणाला, ‘आमची आजी अशीच बोलते नं बाप्पा.’ घरी त्याला ‘शुद्ध बोल’ म्हणून दटावले जाते, हे त्याने नंतर सांगितले. त्यानंतर तासभर कोणी ‘आवडली का’ हा प्रश्नच काढला नाही. संसार सावरण्याची कौतिकची जिद्द प्रमाण मराठीत इतकी टोचली असती का, यावरच वाद चालला, आणि पाने उलटली जात राहिली.

सुरुवात कोणत्या पुस्तकाने करावी, हेही तुम्ही विचारले आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ने करू नका, तिचा नायक पांडुरंग सांगवीकर ज्याला पहिल्या भेटीत भिडतो त्याला तो इतका आपला वाटतो की तो वाचक दुसऱ्याचे ऐकूनच घेत नाही. त्यापेक्षा विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (1939) घ्या. युरोपातून निघालेल्या बोटीवर एक मराठी तरुण आणि जर्मनीतून परागंदा झालेली एक ज्यू तरुणी भेटतात. शेवट सांगत नाही. आकाराने लहान असल्याने परीक्षेच्या धांदलीतही ती वाचून होते, आणि ती प्रेमकथा म्हणावी, युद्धकथा म्हणावी की प्रवासाची कथा, यावर तुमच्यातल्या तिन्ही आवडीनिवडींच्या लोकांना भांडता येईल. फक्त सात जणांत निदान तीन प्रती ठेवा. सीताबर्डीच्या बाजारात जुनी मिळाली तर उत्तम. एकच प्रत हातोहात फिरू लागली, की पान सापडेपर्यंत बोलणाऱ्याचा मुद्दा निसटतो.