तोंडावाटे दिलेल्या प्रतिजैविकांमुळे उंदरांच्या आतड्यातील सर्व जिवाणू नष्ट होतात का?

पिण्याच्या पाण्यातून प्रतिजैविके दिलेले उंदीर जंतुमुक्त मानावेत का आणि त्यांचे वजन पहिल्याच आठवड्यात का घटले, असे आपण विचारले आहे. पुण्यातील एका प्रयोगशाळेच्या प्राणिगृहात मी अनेक वर्षे हे काम करीत आहे.

ते जंतुमुक्त मानू नयेत. अँपिसिलिन, व्हॅन्कोमायसिन, निओमायसिन आणि मेट्रोनिडॅझोल एकत्र दिल्यास जिवाणूंची एकूण संख्या कित्येक पटींनी घटते. तथापि काही प्रतिरोधक जिवाणू आणि बुरशी तग धरतात व मोकळी झालेली जागा व्यापतात. जनुकीय क्रमवाचनात, म्हणजे डीएनए वाचून जिवाणूंचे गट ओळखताना, एकूणात प्रत्येक गटाचा वाटा केवढा एवढेच दिसते. त्यामुळे उरलेला एखादा गट वाढल्याचा भास होतो, प्रत्यक्षात बाकीचे मेलेले असतात. म्हणून एकूण संख्या स्वतंत्रपणे मोजाच.

शवविच्छेदनात सर्वांत आधी नजरेत भरते ते सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आरंभीची पिशवी. ती फुगून पोटाचा बराच भाग व्यापते, भिंत पातळ होते आणि आत फिकट, पाणीदार द्रव साचतो, कारण तंतुमय अन्न व श्लेष्म विघटित करणारे जिवाणूच उरलेले नसतात. मी हे प्रथम पाहिले तेव्हा उंदीर आजारी आहे असेच मला वाटले होते.

वजनाचे कारण बहुधा अधिक साधे आहे. मेट्रोनिडॅझोल कडू असते, म्हणून उंदीर पाणी कमी पितात. बाटली रोज वजन करून पाहा. पाणी शिल्लक राहत असेल तर औषध नळीने थेट जठरात द्यावे. अन्यथा तहानेचा परिणाम आपण जिवाणूंच्या नावावर मांडाल, आणि प्राण्याचे हाल होतील ते वेगळेच.

जिवाणू गेल्याचे परिणाम किती खोल असतात हे 1954 साली बोनहॉफ, ड्रेक आणि मिलर या संशोधकांनी दाखवले: उंदरांना स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाची एकच मात्रा तोंडावाटे दिल्यावर, जिथे संसर्गास सुमारे एक लाख साल्मोनेला (आतड्याचा रोग करणारे जिवाणू) लागत, तिथे दहांपेक्षाही कमी पुरेसे ठरले.

आणखी एक गोष्ट. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यातील जिवाणू हळूहळू सारखे होतात. एका पिंजऱ्यातील पाच उंदीर म्हणजे पाच स्वतंत्र नमुने नव्हेत. प्रत्येक गटाला निदान तीन-चार पिंजरे ठेवा, आणि नैतिकता समितीकडे अर्ज करतानाच ती संख्या मागून घ्या.