पलंगावरून टॅबलेट बघायचा क्लॅम्प स्टँड झुकतो, डुगडुगतो: आधी जागा बदला, मग स्टँड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खुब्याच्या ऑपरेशननंतर आईंना बराच वेळ पलंगावर काढायचाय. त्यांच्यासाठी ११ इंची टॅबलेट आणि हेडबोर्डला आवळायचा गूजनेक स्टँड (हवी तशी वाकवता येणारी लांब मान असलेला) आणलाय. पण तासाभरात टॅबलेट खाली झुकतो, बोट लावलं की डुगडुगतो, आणि तोंडावर पडेल या धास्तीने आई तो बाजूलाच सारतात. आता याहून महाग स्टँड घ्यावा का?

लगेच घेऊ नका. आधी क्लॅम्पची, म्हणजे स्क्रूने आवळायच्या जबड्याची, जागा बदला. हेडबोर्ड ही या कामासाठी पलंगावरची सगळ्यात वाईट जागा आहे, आणि नेमकी तीच सगळ्यांना आधी सुचते. आई उशांना टेकून अर्धवट बसल्या की त्यांचे डोळे हेडबोर्डपासून २५-३० सेंमी पुढे असतात. टॅबलेटचा पडदा त्याच्याही पुढे ४५-५० सेंमीवर हवा. म्हणजे स्टँडला डोक्यावरून आडवं ७०-८० सेंमी पुढे जाऊन परत मागे तोंड वळवावं लागतं. खांद्याच्या बाजूने आणलं तर तेच आडवं अंतर ४०-५० सेंमीवर येतं.

हा फरक दिसतो त्यापेक्षा खूप मोठा आहे. टोकाला वजन लटकवलेल्या दांड्याची लचक, म्हणजे टोक वाकून खाली येणं, लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ७० सेंमीचं ५० सेंमी केलं की तीच मान, तोच टॅबलेट, पण लचक जवळजवळ एक तृतीयांश. गूजनेकच्या आत वाकवता येणारी धातूची जाड तार असते. वाकवली तशी ती राहते, पण ठरावीक ताणापर्यंतच. त्या मर्यादेच्या काठावर ठेवली की प्रत्येक धक्क्याला, प्रत्येक टॅपला ती कणाकणाने खाली बसते. लावताना सगळं ठीक वाटतं आणि तासाभराने टॅबलेट झुकलेला दिसतो, तो यामुळे. ११ इंची टॅबलेट साधारण ४८०-५०० ग्रॅमचा असतो, जाड कव्हरासकट ७०० च्या आसपास जातो. जाड कव्हर काढून लावा. खोक्यावर ‘१ किलोपर्यंत’ असं लिहिलेलं असलं तरी ते वजन किती आडव्या अंतरावर पेलतं हे सहसा लिहिलेलं नसतं, म्हणून त्या आकड्यावर विसंबू नका.

आता क्लॅम्प लावायचा कुठे? बॉक्स पलंगाला कडेने धरायला पट्टीच नसते. त्यावर सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे गादीखालची फळी. १९ मिमी प्लायवूडचा ३० सेंमी रुंद आणि ८०-९० सेंमी लांब तुकडा सुताराकडे उरलेल्या मालात मिळून जातो. तो गादीखाली आडवा घाला आणि ८ ते १० सेंमी बाहेर ठेवा. क्लॅम्प त्या बाहेरच्या भागावर आवळायचा. गादी आणि माणूस यांचं वजन फळीवर असल्यामुळे ती हलत नाही, आणि फर्निचरला ओरखडाही येत नाही. बाहेरचे कोपरे गोल करून पॉलिश पेपरने घासून घ्या आणि त्यावर जाड कापड गुंडाळा.

फळी कोणत्या बाजूला हे आई कुठून उतरतात त्यावर ठरवा. सिंगल पलंग असेल तर उतरायच्या विरुद्ध बाजूला; तिकडे भिंत असेल तर पलंग हातभर पुढे ओढावा लागेल. डबल बेडवर दुसरी कड फार लांब पडते, तेव्हा उतरायच्याच बाजूला लावा, पण उशाकडे सरकवून, खांद्याच्या रेषेत, म्हणजे पाय खाली सोडताना नडगीला लागणार नाही. उतरण्याआधी स्टँड पूर्ण बाजूला वळवायचा आणि त्याला धरून कधीही उठायचं नाही, हे आईंना आणि सोबतच्या माणसाला दोघांनाही सांगून ठेवा. ऑपरेशननंतर हाताला लागेल ते धरण्याकडे कल असतो, आणि हा स्टँड माणसाचा भार घेण्यासाठी नाही.

कापसाची पातळ गादी असेल तर फळीची कड अंगाला जाणवते. फळीच्या दोन्ही बाजूंना जुनी सतरंजी घडी करून घाला आणि तळ सपाट करा. मच्छरदाणी खोचत असाल तर जाळी फळीच्या खालून घ्या, म्हणजे स्टँड जाळीच्या आत राहतो.

फळी नको असेल तर पलंगाशेजारचं टेबल चालेल, पण ते कलंडणार नाही ना हे आधी पाहा. हिशोब सोपा आहे. टेबल ५ किलोचं आणि ४० सेंमी रुंद असेल तर त्याचा स्वतःचा तोल ५ गुणिले २०, म्हणजे १००. टॅबलेट आणि मानेचं मिळून १.२ किलो वजन कडेपासून ५० सेंमी बाहेर असेल तर ते झाले ६०. म्हणजे नुसतं उभं राहील, पण कोणी टॅबलेट खाली दाबला की कलंडेल. खालच्या कप्प्यात ४-५ किलोचं काही ठेवा. काचेच्या टेबलाला क्लॅम्प अजिबात लावू नका. पार्टिकल बोर्डाच्या टेबलाला लावायचा असेल तर जबड्याखाली हाताच्या पंज्याएवढा प्लायचा तुकडा द्या, नाहीतर कड दबून भुगा होते. टेबलाखाली ड्रॉवरची पट्टी आड येते का तेही बघा. जबड्याला आत शिरायला कमीत कमी ४ सेंमी सपाट जागा लागते.

भाड्याने फाउलर बेड (पाठ आणि पाय वर उचलता येणारा हॉस्पिटलचा पलंग) आणला असेल तर बाजूच्या रेलिंगला स्टँड लावू नका. रेलिंग खाली-वर होते, तिच्याबरोबर स्टँडही जातो, शिवाय आवळलेला जबडा रेलिंगला नीट बसू देत नाही. सपाट जबडा गोल पाइपवर फिरतोही. तिथे पलंगावर आडवं सरकणारं चाकांचं ओव्हरबेड टेबल आणि त्यावर बुटका स्टँड हेच जास्त सोयीचं.

क्लॅम्प आवळताना जबड्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला. स्क्रू हाताने पूर्ण बसला की वर पाव फेरा, बस. पक्कड लावू नका, प्लॅस्टिकचा नॉब आतून फिरायला लागतो आणि मग क्लॅम्प कायमचा सैल होतो. पहिल्या दिवशी संध्याकाळी एकदा पुन्हा आवळा, कारण रबर दबतं. पुढे आठवड्यातून एकदा पुरे.

मान वाकवायचीही रीत आहे. दोन्ही हातांनी, एक हात मुळाशी आणि एक वर धरून, मोठ्या गोलाईत वाकवा. एकाच ठिकाणी काटकोनात मोडू नका. रोज त्याच जागी वाकवलेली तार कडक होत जाते आणि शेवटी तडकते. टॅबलेटची पकड धरून मान ओढणं तर सर्वांत वाईट, त्याने वरचा बॉल जॉइंट (वाटीत फिरणाऱ्या गोळ्याचा सांधा) खिळखिळा होतो. मान मुळातून सरळ वर न्या, वर रुंद वळण द्या आणि टॅबलेट शक्य तेवढा क्लॅम्पच्या जवळ आणा. लांबी उरत असेल तर खालच्या बाजूला एक पूर्ण वेढा घालून ती खाऊन टाका. मान स्वतःभोवती पिळू नका, तळाचे आटे सुटतात.

बॉल जॉइंट घसरत असेल तर त्याची कॉलर, म्हणजे आवळायची कडी, सोडा, गोळा आणि वाटी कोरड्या कापडाने पुसा आणि परत आवळा. तिथे तेल म्हणजे घसरण्याला आमंत्रण. तेलाचा थेंब फक्त क्लॅम्पच्या स्क्रूला, तोही कोकणासारख्या दमट हवेत गंज दिसायला लागला तर. पकडीचे दात टॅबलेटच्या आवाजाच्या किंवा पॉवरच्या बटणावर येत नाहीत ना हे बघा. आपोआप आवाज वाढतो किंवा पडदा बंद होतो, त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं. पकड चुंबकाची असेल तर चुंबकामुळेही काही टॅबलेट झोपतात, कारण झाकणाचं कव्हर ओळखणारा सेन्सर त्याला फसतो. अशा वेळी टॅबलेट उलटा फिरवून लावला की सुटतं.

पडद्याची जागा ठरवताना आधी डॉक्टरांनी पाठ किती उचलायला सांगितली आहे तो कोन पक्का करा, उशा त्याप्रमाणे लावा आणि मग स्टँड जुळवा. पडद्यासाठी आईंना उठून वाकायला लावू नका. खुब्याच्या ऑपरेशननंतर कंबरेतून पुढे झुकून हात लांबवणं बऱ्याचदा मना असतं, म्हणून टॅबलेट पायांकडे ठेवणं बाद. पडदा नजरेला काटकोनात हवा.

आणि चष्मा! याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. आईंचा चष्मा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. पडदा डोळ्यांच्या वर ठेवला की त्या हनुवटी उचलून बघतात आणि अर्ध्या तासात मान आखडते. पडदा छातीच्या वर, नजर किंचित खाली जाईल असा ठेवा. पूर्ण आडवं पडूनच बघायचं असेल तर फक्त जवळच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घेणं उत्तम.

टॅबलेट तोंडाच्या बरोबर वर कधीच नको. आणि पडण्याची भीती बोलून जात नाही, दोरीने जाते. पडद्यावर न येईल अशी एक मजबूत नाडी टॅबलेटच्या पातळ मागच्या कव्हराला बांधा. तिचं दुसरं टोक स्टँडच्या मानेला नको, खिडकीच्या गजाला किंवा हेडबोर्डच्या पक्क्या भागाला. लांबी एवढीच ठेवा की सगळं सुटलं तरी टॅबलेट चेहऱ्याच्या वीतभर वरच अडकेल. लावल्यावर स्वतः टॅबलेट सोडून एकदा तपासा, आईंना दाखवून. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं की धास्ती उरत नाही. नाडी गळ्याजवळ लोंबणार नाही याची मात्र काळजी घ्या.

चार्जिंगची वायर मानेला वेलक्रोच्या पट्ट्यांनी बांधा, प्रत्येक वळणाशी थोडी ढील ठेवून. लटकती वायर स्वतःच टॅबलेट ओढते. काटकोनी पिन घेतली तर पोर्टवर ताण कमी येतो. वायर आणि ॲडॉप्टर उशीखाली, पांघरुणात जाऊ देऊ नका, तिथे उष्णता साठते.

बोट लावल्यावर डुगडुगणं शून्यावर येणार नाही, तेव्हा बोट लावायची वेळच कमी आणा. ब्लूटूथ माउस मांडीवरच्या ट्रेवर ठेवून चालतो. अँड्रॉइडवर जोडला की बाण दिसतो, आयपॅडवर २०२० च्या आयपॅडओएस १३.४ पासून माउस आणि ट्रॅकपॅड दोन्ही नीट चालतात. बाण मोठा आणि गडद करा, ती सोय सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत आहे. बोलून चालवायचं असेल तर अँड्रॉइडवर व्हॉइस ॲक्सेस, आयपॅडवर व्हॉइस कंट्रोल. ऑटो-रोटेट बंद करून पडदा आडवा पक्का करा, नाहीतर खाली तोंड केलेला टॅबलेट मनाला येईल तसा फिरतो. पडदा बंद होण्याची वेळ वाढवा. व्हिडिओ कॉलला समोरच्याला नुसती हनुवटी दिसते, त्यासाठी कॅमेऱ्याची बाजू वर येईल असा लावा आणि कॉलपुरता पडदा दहाएक सेंमी दूर घ्या.

एवढं करूनही झुकत असेल तर मान थकली आहे, तेव्हा बदला. पण दुसरा गूजनेक घेऊ नका. दोन-तीन धातूचे दांडे आणि मध्ये आवळायचे सांधे असलेला हात घ्या, किंवा टेबल लॅम्पसारखा स्प्रिंगचा. स्प्रिंगच्या हातावर किमान आणि कमाल अशी दोन्ही वजनं पाहा. हलका टॅबलेट लावला तर तो आपोआप वर उचलला जातो. क्लॅम्पचा जबडा धातूचा हवा आणि फळीची जाडी अधिक रबर धरून ३ सेंमीपेक्षा जास्त उघडायला हवा. फरशीवर उभा राहणारा स्टँड तेव्हाच, जेव्हा त्याचा जड पाया पलंगाखाली सरकेल. बॉक्स पलंगाखाली तो सरकत नाही, आणि बाहेर राहिलेल्या पायात वॉकर अडकतो.