दुसऱ्या घरावर जास्त घरपट्टी लावणं न्याय्य आहे का?

तुम्ही विचारलंय की पुण्यात स्वतःचा फ्लॅट आहे, जळगावला गुंतवणूक म्हणून घेतलेला दुसरा फ्लॅट बंद पडून आहे आणि चोपडा तालुक्यात वडिलांचं घर आहे. इंग्लंडमध्ये दुसऱ्या घराला दुप्पट कर लावू लागलेत तसं इथे झालं तर तो अन्याय नाही का? माझं उत्तर असं : जळगावच्या फ्लॅटवर जास्त कर लागला तर तो न्याय्यच, पण गावच्या घरावर लागला तर अन्याय. मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात राहतो. काही वर्षं ग्रामपंचायत सदस्य होतो, त्यामुळे आकारणीचं रजिस्टर जवळून पाहिलंय.

आधी तिकडचं. इंग्लंडमध्ये 1 एप्रिल 2025 पासून स्थानिक कौन्सिलला दुसऱ्या घरावर 100 टक्क्यांपर्यंत जादा कर लावता येतो. वेल्समध्ये एप्रिल 2023 पासून ही मर्यादा 300 टक्के आहे, म्हणजे एकूण कर चौपटीपर्यंत जाऊ शकतो. तिथल्या ग्विनेड कौन्सिलने त्याच वर्षी 150 टक्के जादा कर लावला. कारण समजण्यासारखं आहे. समुद्रकाठची गावं बाहेरच्या लोकांनी सुट्टीसाठी विकत घेतली, गावातल्या पोरांना घर परवडेना, वेल्श बोलणारी कुटुंबं पांगली. ग्विनेडमधल्या अ‍ॅबरसॉक गावची प्राथमिक शाळा डिसेंबर 2021 मध्ये मोजकीच मुलं उरली म्हणून बंद झाली.

आपल्याकडे तसं कुठे आहे? खानदेशात थंड हवेचं ठिकाण म्हणून तोरणमाळचं नाव घेता येईल, पण आदिवासींची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही, त्यामुळे तिथे बंगल्यांची रांग लागली नाही. ते बरंच झालं. आपल्याकडचा प्रश्न शहरात आहे. जळगाव-धुळ्याच्या कडेला एन.ए. (बिगरशेती) लेआउट पडतात, प्लॉट आणि फ्लॅट पुण्या-मुंबईत आणि परदेशात कमावणारे घेऊन ठेवतात, आणि जळगावातच नोकरी करणारा शिक्षक किंवा दुकानात हिशेब लिहिणारा तरुण भाड्याच्या दोन खोल्यांतच राहतो. 2011 च्या जनगणनेत देशभरात सुमारे 2 कोटी 47 लाख घरं रिकामी निघाली होती. घरांचा तुटवडा आणि रिकामी घरं एकाच देशात, बऱ्याचदा एकाच गल्लीत.

तुमचा मुख्य मुद्दा असा, की मी तिथे राहतच नाही, पाणी वापरत नाही, कचरा करत नाही, मग जास्त का भरू? पण पाण्याची पट्टी वेगळी असते. घरपट्टी ही मिळकतीवरचा कर आहे, वापराचं बिल नाही. रस्ता झाला, गटार झाली, दिवे लागले की तुमच्या बंद फ्लॅटची किंमत वाढते, आणि ते ज्यांच्या पैशातून होतं ते बहुतेक तिथेच राहणारे असतात. शिवाय धुळे-जळगावसारख्या, रोज पाणी न येणाऱ्या शहरात पालिका नवीन लेआउटपर्यंत पाइपलाइन नेते ती माणसं राहतील या हिशेबाने. अर्धी घरं कुलूपबंद राहिली म्हणून तो खर्च अर्धा होत नाही.

आणि राहणाऱ्याला कमी, न राहणाऱ्याला जास्त ही कल्पना परदेशी आहे असं समजू नका. पुणे महापालिका स्वतःच्या घरात राहणाऱ्या मालकाला 1970 पासून 40 टक्के सवलत देत आली. मध्ये ती थांबवली होती, 2023 मध्ये पुन्हा लागू केली. ती बहुधा तुम्हीही घेत असाल. जळगावने तेच केलं तर तुमच्यावर कोणता नवा अन्याय होतो? उलट प्राप्तिकरात 2019-20 पासून एकाऐवजी दोन घरं स्वतःच्या राहण्यासाठीची धरता येतात, म्हणजे दुसरं घर बंद ठेवलं तरी त्याच्या काल्पनिक भाड्यावर कर नाही. दिल्लीने सूट दिली, पण गटार आणि दिवे पालिकेलाच करायचे आहेत.

आता गावचं घर. इथे माझं मत एकदम उलट आहे आणि त्याबद्दल मला फार कळकळ वाटते.

ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या, उताऱ्यावर मालकाचं नाव असतं आणि शेजारी भोगवटादाराचा, म्हणजे घर वापरणाऱ्याचा, रकाना असतो. आमच्या रजिस्टरमध्ये त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'खुद्द' लिहिलेलं आहे. खुद्द कुठे असतो? सुरतला. उधना-लिंबायतमध्ये भाड्याच्या खोलीत राहून मागावर काम करतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि श्रावणातल्या कानबाईच्या सणाला येतो, घर झाडतो, चार दिवस चूल पेटते, परत कुलूप. आता 'बंद घर' किंवा 'दुसरं घर' यावर दुप्पट कर लावा, पहिला फटका या माणसाला बसतो. त्याच्या मालकीचं जगात हे एकच घर आहे. राहतं घर भाड्याचं आणि मालकीचं घर बंद, अशी अर्धी गल्ली आहे आमच्याकडे.

दुसरी गोष्ट वारसांची. आजोबांच्या नावावरचं घर, एक भाऊ नाशिकला, एक सुरतला, दोन बहिणी दिलेल्या. प्रत्येकाच्या वाट्याला दोन खण येतात. कोणाचं पहिलं, कोणाचं दुसरं? कर वाढला की भाऊ म्हणतील, पट्टी आम्ही भरतो, बहिणींनी हक्कसोड करून द्यावी. बहिणी सहीही करतील, आणि आखाजीला यायचं माहेर कागदावरून जाईल. मी हे कराशिवायही होताना पाहिलंय, कराने त्याला आणखी एक निमित्त मिळेल.

तिसरं, धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर दरवर्षी पावसाळ्याआधी वर माती टाकून लिंपावं लागतं. ते सोडलं की दोन-तीन पावसात माळवद बसतं. कर जड झाला तर लोक तेच होऊ देतील. घर पडलं की आकारणी उतरते, पण गावाच्या मधोमध ढिगारा राहतो. आणि वेल्ससारखं कोणी ते घर विकत घ्यायला टपलेलंही नाही, त्यामुळे जादा कराने ते घर कोणा गरजूला मिळेल ही आशाही फोल.

म्हणून माझ्या मते दाराला कुलूप आहे का हे पाहूच नये. माणसाच्या आणि त्याच्या जोडीदाराच्या नावावर राहण्याची, भाड्याने न दिलेली किती घरं आहेत हे पाहावं, आणि वडिलोपार्जित सामाईक घर त्यातून वगळावं. इंग्लंडमध्येही सूट आहेच : वारसाहक्काची प्रक्रिया पूर्ण झाल्यावर एक वर्ष, विक्रीला किंवा भाड्याने द्यायला काढलेल्या घराला एक वर्ष, आणि नोकरीमुळे दिलेल्या क्वार्टरमध्ये राहावं लागणाऱ्यांनाही. आपल्याकडे पोलीस, एसटी, महावितरणचे लोक क्वार्टरमध्ये राहतात, त्यांना ती सूट हवीच.

तुमची एक तक्रार मात्र मला पूर्ण पटते : जळगावला तुमचं मतदान नाही, मग तुमच्यावर कर वाढवणं नगरसेवकाला सोपं जाणार. खरं आहे. म्हणून जादा कराची कमाल मर्यादा राज्याच्या कायद्यात ठरलेली हवी, ती पालिकेच्या मर्जीवर नको. ग्रामपंचायतीत आकारणी यादी कायम करण्याआधी हरकती मागवतात; तशी हरकत परगावच्या मालकाला ऑनलाइन घेता आली पाहिजे, नुसती चावडीवर यादी लावून भागणार नाही. आणि जादा मिळालेला पैसा त्या शहरात परवडणाऱ्या घरांसाठीच खर्च व्हावा, नाहीतर लोकांचा विश्वास बसणार नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर जळगावचा फ्लॅट भाड्याने द्या. रीतसर लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवून दिलात तर घर बळकावण्याची भीती फारशी राहत नाही, आणि असा कर कधी आला तरी तुम्ही आधीच त्याच्या बाहेर असाल. गावच्या घराचा नमुना 8 चा उतारा काढून वडिलांनंतरची वारसनोंद झाली आहे का ते बघा. नसेल तर आखाजीला सगळी भावंडं जमतील तेव्हाच ते काम उरका आणि बहिणींची नावं लावा.