लेकीला नॅशव्हिलला कमर्शियल म्युझिक शिकायला पाठवू का?

नमस्कार दादा,

तुमची लेक दहा वर्षं शास्त्रीय गाणं शिकली आहे आणि आता तिला अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलच्या बेलमॉन्ट विद्यापीठात कमर्शियल म्युझिकसाठी अर्ज करायचा आहे. ख्रिस्ती विद्यापीठात आपल्या मुलीचं कसं निभावेल, आणि ‘कमर्शियल’ म्हणजे तिथे नक्की शिकवतात काय, असं तुम्ही विचारलंय. मी याच विषयाची पदवी टेनेसीतल्याच दुसऱ्या एका छोट्या ख्रिस्ती कॉलेजातून घेतली आणि गेली अकरा वर्षं नॅशव्हिलमध्ये कीबोर्ड वाजवते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी धर्माचं. आमच्या घरी मिरजेला गणपती बसतो. माझ्या कॉलेजात आठवड्यातून दोनदा चॅपलला, म्हणजे प्रार्थनासभेला, हजेरी लागायची, बायबलचा विषय सक्तीचा होता, आवारात दारू चालत नव्हती. धर्म बदल असं मला चार वर्षांत कुणी म्हटलं नाही, पण तासाआधी प्रार्थना व्हायची आणि ती मनापासून व्हायची. ज्याला त्याचाच त्रास होणार असेल त्याने जाऊ नये. बायबलच्या विषयात मला बायबलमधल्या स्तोत्रांवर निबंध लिहायचा होता. कितीतरी स्तोत्रांच्या डोक्यावर मुख्य गवयासाठी सूचना असतात, चौथ्या स्तोत्रावर तर तंतुवाद्यांवर गावं असं लिहिलंय. ते वाचलं आणि हे पुस्तक मला एकदम जवळचं वाटलं. बेलमॉन्टचं सांगायचं तर ते २००७ मध्ये टेनेसीतल्या बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या संघटनेपासून वेगळं झालं, तरी स्वतःला ख्रिस्ती विद्यापीठच म्हणवतं. नियमपुस्तिका मागवून दोघांनी बसून वाचा.

आता ‘कमर्शियल’. हा शब्द ऐकून आपल्याकडे नाक मुरडतात, तसं करू नका. कंट्री, पॉप, रॉक, जॅझ, गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीतं), म्हणजे लोक पैसे देऊन ऐकतात ते सगळं संगीत नीट तालमीने शिकवायचं, एवढाच त्याचा अर्थ. आणि भक्ती नि पैसा यांचं या गावात वाकडं कधीच नव्हतं. इथल्या फिस्क विद्यापीठाची स्थापना १८६६ ची, गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्यांसाठी मिशनऱ्यांनी काढलेली शाळा. ती कर्जात बुडायला लागली तेव्हा १८७१ मध्ये विद्यार्थ्यांचा गायकवृंद दौऱ्यावर निघाला, आणि गुलामांची भक्तिगीतं गाऊन मिळवलेल्या पैशांतून ज्युबिली हॉल उभा राहिला. तो अजून आहे. लेक इथे आली तर आधी तिथे घेऊन जाईन तिला.

शिकवतात काय, ते एका प्रसंगातून सांगते. पहिल्या वर्षी चॅपलमध्ये मी मागच्या बाकावर बसायचे. एकदा नेहमीच्या कीबोर्डवाल्याचा हात दुखावला आणि मला पुढे बोलावलं. हातात कागद दिला, त्यावर सूर नाहीत, फक्त आकडे: १, ५, ६, ४. प्रत्येक आकडा म्हणजे पट्टीतल्या त्या क्रमांकाच्या सुरावर उभा केलेला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर. सहाच्या पुढे छोटी आडवी रेघ, म्हणजे तो कॉर्ड मायनर. ही नॅशव्हिलची आकड्यांची पद्धत, १९५० च्या दशकाच्या शेवटी इथल्याच स्टुडिओंत रुजली. सुरू करायच्या दोन मिनिटं आधी गाणारी म्हणाली, घसा बसलाय, जीमधून ईमध्ये घेऊ. म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी पाचवरून पांढरी तीन. कागद तोच राहिला, सा तेवढा खाली आला. म्हणजे १ हा सा वरचा कॉर्ड, ४ हा म वरचा, ५ हा प वरचा! मिरजेला पेटीवर गुरुजींनी लहानपणापासून हेच तर करून घेतलं होतं. शेवटच्या कडव्यात गिटारवाल्याने पाठीमागे हात नेऊन चार बोटं दाखवली, मी चारवर गेले, आणि सगळे एकत्र उतरलो.

नॅशव्हिलमध्ये रेकॉर्डिंगची बैठक साधारण तीन तासांची असते. त्यात गाणं ऐकायचं, आकडे लिहायचे, दुसऱ्याच्या गाण्याला लागेल तेवढंच वाजवायचं. कमर्शियल म्युझिकची पदवी म्हणजे या तीन तासांची तयारी, असं मी मानते.

बेलमॉन्टमध्ये एक घोळ होतो. कमर्शियल म्युझिक हे संगीत विभागात येतं, त्याला ऑडिशन असते. म्युझिक बिझनेस, गीतलेखन, ध्वनिमुद्रण हे माइक कर्ब यांच्या नावाच्या वेगळ्या कॉलेजात. अर्ज कुठल्या विभागाला करतोय ते दोनदा बघा. आणि सीसीएम ही अक्षरं दिसली तर थांबून वाचा: आवाजाच्या शिक्षणात त्याचा अर्थ आजचं कमर्शियल संगीत, बाजारात मात्र आजचं ख्रिस्ती संगीत.

तिच्या ताना, मुरक्या वाया जाणार नाहीत, आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाताना फार उपयोगी पडतात. कमी पडेल ती स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी, आणि पियानो. थिअरी, ऐकून लिहिणं आणि पियानो कुठल्याही शाखेत चुकत नाही. वर्ष हातात असेल तर आजच पियानोचा क्लास लावा. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षा पुण्या-मुंबईत होतात, त्या निमित्ताने वाचन होतं.

आता मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती गोष्ट. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आवाराबाहेर पैसे घेऊन वाजवता येत नाही. दुसऱ्या वर्षी एका रेस्टॉरंटने मला दर शुक्रवारी बोलावलं होतं, वर्गातल्या अमेरिकन मुली हेच करून खर्च भागवायच्या. परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात विचारलं, तर टीपच्या बरणीतले पैसेसुद्धा चालणार नाहीत म्हणाले. त्या रात्री मी रडले, पण विचारलं म्हणून वाचले. सत्र चालू असताना आवारात आठवड्याला २० तास काम करता येतं. इंटर्नशिप आधी परवानगी काढूनच करायची. पदवीनंतर १२ महिने कामाला मिळतात, आणि इंजिनिअरिंगवाल्यांना वर मिळणारे २४ महिने गाण्या-वाजवण्याच्या पदवीला नाहीत. तेव्हा गाऊन फी भरेन या हिशेबावर कर्ज काढू नका. शिष्यवृत्ती ऑडिशनवरही ठरते, ती किती हे लेखी हातात आल्यावरच तिकीट काढा.

आज संध्याकाळी तिला एवढं करायला सांगा: तिच्या आवडीचं एखादं भावगीत घेऊन त्याच्या साथीचे कॉर्ड आकड्यांत लिहायचे, आणि तोच कागद समोर ठेवून काळी एक, पांढरी तीन आणि काळी चारमध्ये स्वतः वाजवत गायचं. रेकॉर्डिंग मला पाठवा, ऐकून कळवते.