आजीवर लिहिताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

वर्षश्राद्धाला वाटायच्या पुस्तिकेसाठी तू आजीवर लिहिलेला मजकूर वाचला. मन लावून लिहिलंस, पण त्यात आजी दिसत नाही. 'मायाळू', 'कष्टाळू', 'साक्षात अन्नपूर्णा' हे शब्द चौकातल्या श्रद्धांजलीच्या डिजिटल फलकावर रोज वाचायला मिळतात. शिवाय तुझ्या लेखात आजीचा जन्मच मुळी तू जन्मलास तेव्हा झालाय. त्याआधी ती कुणाची तरी लेक होती, नवी सून होती, जाऊ होती, पुढं खटल्याच्या घराची कारभारीण झाली. ती बाई शोध.

तारखा नाहीत म्हणून अडून बसू नकोस. तिच्या पिढीच्या बायका साल सांगत नाहीत, खुणा सांगतात. थोरल्या आत्याचा जन्म कोयनेच्या भूकंपाआधीचा की नंतरचा, हे घरात कुणीतरी सांगेलच. तो भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा. 'मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) खाल्ली त्या साली' म्हणजे 1972 चा दुष्काळ. लग्न कोल्हापूर संस्थान विलीन व्हायच्या आधीचं असेल तर ते 1 मार्च 1949 पूर्वीचं. अलीकडचं सगळं पुरावर मोजता येईल, 2005 चा आणि 2019 चा. पंचगंगेकाठचं गाव तुमचं. पाणी चढताना तिनं आधी काय उचललं, तेवढं एकच विचारलंस तरी एक पान भरेल.

आता चटणी. तू लिहिलंस, 'आजीच्या हाताला चव होती.' ते सगळ्यांच्याच आज्यांच्या हाताला असते! उन्हाळ्यात वर्षाची चटणी व्हायची तेव्हा मिरची किती किलो घ्यायची, संकेश्वरी किती आणि रंगाला ब्याडगी किती, हे काकूला विचार. खोबरं, तीळ, धने कोण भाजायचं, लसूण सोलायला गल्लीतल्या कोण कोण यायच्या? आणि कुटून आणल्यावर डबे कुणाकुणाचे भरले जायचे? मुंबईला गिरणीत असलेल्या दिराचा, सासरी गेलेल्या लेकींचा, एखाद्या विधवा नणंदेचा. त्या मापात घरातली माणसं, रुसवेफुगवे, कुणाला झुकतं माप, सगळं सापडेल. पाककृती छापू नकोस मात्र. ती काकूकडेच राहू दे.

दुधाचंही तसंच. जिल्हा दूध संघ 1963 चा; त्यानंतर गावोगावी संस्था उभ्या राहिल्या आणि बायकांच्या कष्टाला रोख पैसा दिसायला लागला. संस्थेच्या पुस्तकावर नाव आजोबांचं असेल. पहाटे धारा कोण काढायचं, वैरण कोण आणायचं, आणि बिल कुणाच्या हातात पडायचं? सातबाराही काढून बघ. तिचं नाव कधी लागलं, की लागलंच नाही?

राजर्षी शाहूंनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली तुझी आजी अंगठा उठवत राहिली. का, ते तिच्या माहेरी कळेल. माहेरचं माणूस तुझ्या लेखात एकही नाही, हे मला फार खटकलं. धाकटी बहीण हयात आहे म्हणतोस, तर आधी तिकडं जा. एकटा जा, वडलांना सोबत नेलंस तर म्हातारी बहिणीच्या सासरबद्दल गोडच बोलेल. जात्यावरच्या ओव्या आठवतात का बघ, मोबाईलवर टिपून घे. म्हणते तशीच लिहायची, शुद्ध करत बसायचं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, त्यातल्या बऱ्याच इंटरनेटवर वाचायला-ऐकायला मिळतात. आपल्या आजीची ओळ तिथं भेटली तर चकित होऊ नकोस, ओव्या माहेराहून सासरी जातातच.

आजी तापट होती, धाकट्या सुनेशी तिचं वर्षानुवर्षं पटलं नाही, हे सगळ्या भावकीला ठाऊक आहे. ते गाळू नकोस. पण छापण्याआधी काकूला वाचून दाखव. ती काढ म्हणेल ते वाक्य काढ, म्हणणार नाही ते ठेव.

विशेषणं खोडून मजकूर परत पाठवतोय. ऊस तोडणी लागायच्या आत मावशीआजीकडं जाऊन ये. मग घरातल्या कुणालाच बोलायला सवड मिळायची नाही.