पहिल्यांदा नॉन-लीग फुटबॉल मॅचला जातोयस? एवढं बघ

अरे वा, लंडनमध्ये नवीन आहेस आणि थेट नॉन-लीग बघायची म्हणतोयस, भारीच! नॉन-लीग म्हणजे इंग्लिश फुटबॉलमधल्या वरच्या चार डिव्हिजनच्या ९२ क्लबच्या खालचं हे सगळं जग. डलिच हॅम्लेट या दक्षिण लंडनच्या क्लबपासून सुरुवात कर, गुलाबी-निळी जर्सी, चॅम्पियन हिल ग्राउंड.

- शनिवारी बहुतेक ३ ला किक-ऑफ, अडीचलाच पोच. जाकीट जाड घाल.
- निघायच्या आधी क्लबचं पेज बघच, पाऊस झाला की पिच खराब म्हणून मॅच ऐनवेळी रद्द होते, नवीन लोक इथेच फसतात.
- एका जागी चिकटून बसू नकोस, हाफटाइमला बरेच जण आपली टीम जिकडे अटॅक करणार त्या गोलमागे जातात, तूही जा, कीपर डिफेंडरवर ओरडतो ते शब्दन् शब्द ऐकू येतं, मला तर तेच सगळ्यात आवडतं.

वरच्या डिव्हिजनमध्ये कोण जाणार, ती प्रमोशन-प्लेऑफची भानगड आत्ता नको.